मानद फेलोशिपसाठी सहकाऱ्याचे नामांकन

संकल्पना

एखादी विद्वत्संस्था किंवा व्यावसायिक संघटना आपल्या क्षेत्रात लक्षणीय काम केलेल्या व्यक्तीला सन्मान म्हणून जे सदस्यत्व देते, ते मानद फेलोशिप या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपशी तिचे नाव जुळते, स्वरूप जुळत नाही. कनिष्ठ फेलोशिप परीक्षेतून मिळते, तिच्यासोबत दरमहा ठरावीक रक्कम येते आणि ती पुढे करायच्या कामासाठी असते. मानद फेलोशिप झालेल्या कामाची दखल घेते. तिच्यासोबत बहुधा पैसा येत नाही. मानपत्र, संस्थेच्या यादीतील स्थान आणि नावापुढे लावता येणारी काही अक्षरे एवढाच तिचा ऐवज. याशिवाय शल्यचिकित्सकांची एफआरसीएस किंवा अभियंत्यांची एफआयई अशा व्यावसायिक फेलोशिप आहेत. त्या परीक्षा देऊन किंवा अनुभवाची अट पूर्ण करून, रीतसर अर्ज करून मिळवता येतात. मानद फेलोशिपसाठी सामान्यतः स्वतःचा अर्ज चालत नाही. दुसऱ्या कोणीतरी नाव सुचवावे लागते आणि ते का सुचवले हे लिहून द्यावे लागते. या लेखी सुचवण्याला नामांकन म्हणतात.

मर्यादित जागा

संस्थेच्या नियमांत फेलोंची कमाल संख्या ठरलेली असते, तेव्हा नामांकनाला स्पर्धेचे रूप येते. साहित्य अकादमीची फेलोशिप एका वेळी जास्तीत जास्त २१ हयात साहित्यिकांकडे असू शकते. मराठीत वि. स. खांडेकर यांना ती १९७० मध्ये आणि विंदा करंदीकर यांना १९९६ मध्ये मिळाली. संगीत नाटक अकादमीत हीच मर्यादा ४० आहे. जागा इतक्या कमी असल्या की उमेदवार पात्र आहे का, एवढाच प्रश्न समितीपुढे राहत नाही. समोरच्या इतर पात्र व्यक्तींच्या तुलनेत याचेच नाव का घ्यावे, असे तिला विचारावे लागते. बरेचसे प्रस्ताव पहिल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देतात आणि दुसऱ्याला स्पर्शही करत नाहीत.

प्रस्तावाचा मार्ग

संस्थागणिक तपशील बदलतात, पण क्रम साधारण एकच असतो. संस्थेचा विद्यमान फेलो प्रस्तावक होतो, दुसरा फेलो अनुमोदन देतो. विहित नमुन्यात उमेदवाराचा परिचय, कार्याचा संक्षिप्त गोषवारा आणि निवडक प्रकाशनांची किंवा कामांची यादी जोडली जाते. विषयसमिती छाननी करते, बाहेरच्या तज्ज्ञांची मते मागवते, नावे क्रमाने लावते. शेवटी कार्यकारी मंडळ किंवा फेलोंचे मतदान निर्णय देते. लंडनच्या रॉयल सोसायटीत आज दोन फेलोंनी मिळून प्रस्ताव मांडावा लागतो आणि एकदा दाखल झालेला प्रस्ताव सात वर्षे विचारात राहतो. त्यामुळे पहिल्या वर्षी नाव न निवडले जाणे म्हणजे नकार नसतो. दरम्यानच्या काळात झालेले नवे काम त्यात भरता येते. एका वर्षानंतर प्रस्ताव बाद करणाऱ्या संस्थेत मात्र प्रस्तावकाला सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, आणि अनेक चांगली नावे नेमकी या टप्प्यावर सुटतात.

त्याच सोसायटीत मानद फेलो हा एक स्वतंत्र, छोटा वर्ग आहे. स्वतः वैज्ञानिक नसलेल्या, पण विज्ञानाची मोठी सेवा केलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. विज्ञानाचा इतिहास सामान्य वाचकांसाठी लिहिणारे लेखक बिल ब्रायसन यांची २०१३ मध्ये या वर्गात निवड झाली. प्रस्ताव कोणत्या वर्गात मांडायचा, हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. चुकीच्या वर्गात गेलेला चांगला प्रस्ताव चुकीच्या निकषांवर तोलला जातो.

मुंबईच्या जहाजबांधणीकाराचा प्रस्ताव

नामांकन कसे लिहावे याचा एक जुना नमुना मुंबईशी निगडित आहे. वाडिया घराण्यातील जहाजबांधणी अभियंता अर्देशीर कर्सेटजी २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्या प्रस्तावाचे प्रमाणपत्र जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. मुंबईच्या वाफयंत्र कारखान्यातील मुख्य अभियंता हे पद, नौकाबांधणीच्या सिद्धांताचे आणि व्यवहाराचे ज्ञान, मुंबईत वायुदिव्यांचा प्रवेश घडवून आणण्याचे श्रेय, आणि ६० टनांचे जहाज बांधून त्याला वाफेचे इंजिन जोडण्याचे काम, एवढ्या गोष्टी त्यात येतात. विशेषणे जवळपास नाहीत. जी आहेत, त्यांच्या शेजारी पडताळता येईल अशी एखादी वस्तू उभी आहे: जहाज, इंजिन, दिवा. परक्या देशातील, परक्या धर्माच्या माणसाविषयी लंडनमधल्या बहुतेक सदस्यांना वैयक्तिक माहिती फारशी असणार नव्हती. तरीही निर्णय घेता यावा इतके ते कागद पुरेसे होते. पावणेदोनशे वर्षांनंतरही याहून चांगला साचा सापडणे कठीण आहे.

प्रस्तावक कोण असावा

प्रस्तावकाचे वजन त्याच्या पदापेक्षा दोन गोष्टींवर ठरते: उमेदवाराच्या कामाची प्रत्यक्ष माहिती आणि त्या कामाचा दर्जा पारखण्याची क्षमता. या दोन्ही एकाच माणसात क्वचित भेटतात. सोबत काम करणाऱ्या सहकाऱ्याला माहिती सर्वांत जास्त असते, पण त्याची तटस्थता शंकास्पद मानली जाते. दूरचा नामवंत तज्ज्ञ तटस्थ असतो, पण त्याला फक्त छापील काम दिसते. म्हणून मजकुराची जुळवाजुळव सहकाऱ्याने करायची आणि सही पात्र फेलोची घ्यायची, अशी श्रमविभागणी प्रत्यक्षात रूढ आहे. तीत गैर काही नाही. सही करणाऱ्याने मजकूर वाचलेला आणि तपासलेला असला म्हणजे झाले.

हितसंबंध उघड करणे हा याच भागाचा विषय. नातेवाईक, मार्गदर्शक, विद्यार्थी, सहलेखक, एकाच विभागातील कनिष्ठ अधिकारी यांपैकी कोणतेही नाते असल्यास ते प्रस्तावातच नोंदवलेले बरे. समितीला ते नंतर दुसऱ्या मार्गाने कळले, तर उमेदवाराचा दोष नसताना प्रस्तावावर सावली पडते. दोन सहकाऱ्यांनी आलटून पालटून एकमेकांची नावे सुचवण्याचा प्रकारही समित्यांच्या लक्षात लवकर येतो.

पुरावा: हत्तरसंग कुडलचे उदाहरण

 सोलापूर जिल्ह्यातील दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तेथील संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा कोरीव लेख मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट पुराव्यांत गणला जातो. तो अभ्यासकांसमोर आणण्याचे श्रेय सोलापूरचे दिवंगत संशोधक आनंद कुंभार यांना दिले जाते. कुंभार विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. जिल्ह्यातील शिलालेखांचा शोध आणि नोंद हे त्यांनी स्वीकारलेले काम होते. धारवाडचे पुराभिलेखतज्ज्ञ श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी केलेला ‘इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम सोलापूर डिस्ट्रिक्ट’ हा संग्रह १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना कोणकोणते मान मिळाले हा येथील विषय नाही. संस्थेबाहेरच्या अभ्यासकाचा प्रस्ताव कसा उभा करावा लागतो, हे त्यांच्या प्रकारच्या कामावरून स्पष्ट होते, म्हणून हे उदाहरण. पुराभिलेखाच्या क्षेत्रात ज्येष्ठ अभ्यासकांना मानद फेलोशिप देण्याची प्रथा आहे. अशा संस्थेपुढे शिलालेख शोधल्याचा दावा मांडताना ‘शोधला’ म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते. देवळातला दगड गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर शतकानुशतके असतोच. त्यावरची अक्षरे लेख म्हणून ओळखणे, ओल्या कागदावर शाईचा ठसा घेणे, वाचन करणे, शक आणि तिथी पडताळणे आणि हे सर्व छापून इतरांच्या तपासणीसाठी खुले करणे, हे पाच वेगवेगळे टप्पे आहेत. उमेदवाराने यांपैकी कोणते स्वतः केले, कोणते दुसऱ्याच्या मदतीने, हे जितके नेमके लिहिले जाईल तितका प्रस्ताव भक्कम होतो. मदतीचा उल्लेख केल्याने श्रेय कमी होईल ही भीती निराधार आहे. सर्व टप्पे एकट्याने केल्याचा दावाच तज्ज्ञाला अधिक खटकतो.

सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत भाषेचा प्रश्न आणखी एक पदर जोडतो. येथील मध्ययुगीन लेखांत जुन्या कन्नडचा वाटा मोठा आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत हा प्रदेश कन्नड लेखनपरंपरेत होता. त्यामुळे अशा कामाचे मूल्यमापन केवळ मराठीच्या अभ्यासकाकडून पूर्ण होत नाही. कुंभार आणि रित्ती यांचे सहलेखन ही या भागातील संशोधनाची गरजच होती. सीमाभागातील उमेदवाराचे नाव सुचवताना राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ संदर्भ म्हणून देणे याच कारणाने योग्य ठरते. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ चा संग्रह, आणि त्यानंतर सापडलेल्या लेखांनी त्यात घातलेली भर, अशा चौकटीत जिल्ह्यातले काम मांडले की तुलनेचा प्रश्नही आपोआप सुटतो: आधी काय ज्ञात होते आणि या व्यक्तीमुळे काय ज्ञात झाले.

छापील आणि न छापलेले काम

खेड्यातील व्यावसायिकाचे काम बहुधा नोंदवह्यांत, रुग्णपत्रिकांत, शेताच्या बांधावर असते. समितीला ते दिसत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण येथे बोलके आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांची लक्षणे त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात बारकाईने टिपली, ती ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढे आणला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याइतकीच तळमळ असलेले ग्रामीण डॉक्टर इतरही असतील. नोंद आणि प्रसिद्धी यांमुळे त्यांचे काम जगात कुठेही तपासता येण्याजोगे झाले. न छापलेल्या कामाचे नामांकन अशक्य नसते, पण मग प्रस्तावकाला पुरावा स्वतः गोळा करावा लागतो: वर्षनिहाय आकडे, आधीची आणि नंतरची स्थिती, त्या पद्धतीचा इतरत्र झालेला स्वीकार, आणि तिचा लाभ झालेल्यांची स्वाक्षरीसह पत्रे.

सामूहिक श्रेय

विज्ञान आणि शेती यांतले बरेच काम गटाचे असते, आणि फेलोशिप व्यक्तीला मिळते. हा विरोध पूर्ण मिटत नाही. रब्बी ज्वारीचे एम ३५-१ हे प्रसिद्ध वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडले गेले. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात ते अनेक दशके टिकून आहे. शेतकऱ्यांना वाणाचे नाव पाठ आहे. निवड करणाऱ्यांची नावे मात्र तज्ज्ञांपुरती राहिली. मूळ मालदांडी पिढ्यान्‌पिढ्या जपणारे शेतकरी तर कोणत्याच यादीत नाहीत. अशा कामातील एका व्यक्तीचे नाव पुढे करताना तिची निश्चित भूमिका सांगावी लागते: कल्पना तिची होती, चाचण्यांची आखणी तिची होती, की प्रसार तिने केला. ‘यांच्या नेतृत्वाखाली’ हे शब्द या प्रश्नाला बगल देतात. केंद्रप्रमुखाच्या नावावर कनिष्ठांचे काम जमा होण्याची वाटही याच शब्दांतून जाते.

प्रशस्तीची भाषा

प्रस्तावातील सर्वांत कमी जागेचा आणि सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग म्हणजे प्रशस्ती. समितीतल्या सदस्याला अनेक प्रस्ताव एका बैठकीत पाहायचे असतात. बऱ्याचदा तो फक्त तेवढाच परिच्छेद लक्ष देऊन वाचतो. ‘अथक परिश्रम’, ‘निःस्वार्थ सेवा’, ‘बहुमोल योगदान’ ही शब्दकळा सत्कारसमारंभात शोभते. प्रस्तावात ती आली की वाचणारा नकळत पुढची ओळ गाठतो, कारण हेच शब्द आधीच्या दहा प्रस्तावांत येऊन गेलेले असतात. उपयोगी वाक्यात क्रियापद असते आणि परिणाम असतो: काय केले, केव्हा केले, त्यामुळे कोणाच्या कामात काय बदल झाला. सेवेची वर्षे, भूषवलेली पदे आणि हजेरी लावलेल्या परिषदा यांची लांब यादी दीर्घायुष्य सिद्ध करते, गुणवत्ता नव्हे. पाच निवडक कामे आणि प्रत्येकासोबत दोन ओळींचे स्पष्टीकरण अधिक परिणामकारक असते.

पद्म पुरस्कारांच्या नामांकनात कार्याचे वर्णन कमाल ८०० शब्दांत मागितले जाते. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते. प्रत्यक्षात ज्याचे काम ८०० शब्दांत मांडता येत नाही, त्याच्या कामाविषयी प्रस्तावकाचाच गोंधळ झालेला असण्याची शक्यता अधिक.

स्वतःचे नाव स्वतः सुचवणे

पद्म पुरस्कारांसाठी कोणाही नागरिकाला ऑनलाइन नामांकन करता येते, स्वतःचेही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील तेव्हाचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी मिळालेल्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’मध्येही शिक्षकाला स्वतः अर्ज करता येतो, दुसऱ्याने नाव सुचवले तरी पुढचा अर्ज शिक्षकालाच भरावा लागतो. या पद्धतीत संस्थेच्या आतल्या ओळखीची गरज उरत नाही. खेड्यातल्या माणसासाठी ती अधिक न्याय्य आहे. तिची दुसरी बाजू अशी की संकोची माणूस मागे राहतो आणि अर्जलेखनाचे कौशल्य स्वतःच एक पात्रता बनते. फेलोशिप देणाऱ्या बहुतेक जुन्या संस्थांनी समव्यावसायिकांच्या प्रस्तावाची रीत सोडलेली नाही. त्यामागे परंपरेचा अभिमान आहे, तसा एक व्यावहारिक विचारही: दुसऱ्याने स्वतःचे नाव पणाला लावून केलेली शिफारस ही पहिली चाळणी असते.

गोपनीयता आणि वेळ

अनेक संस्था नामांकन गुप्त ठेवण्याचा आग्रह धरतात, म्हणजे निवड न झाल्यास उमेदवाराची मानहानी होत नाही. परंतु अचूक परिचय, प्रकाशनांची यादी आणि जन्मतारीख उमेदवाराकडूनच मिळते. ज्या संस्थेत संमती आवश्यक नाही, तिथेही उमेदवाराला विश्वासात घेणे बहुतेक वेळा सोयीचे ठरते. काही जण मान नाकारतात, आणि ते निवडीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले.

वेळेचे महत्त्व गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या प्रकरणात दिसते. १९१७ मध्ये ते इंग्लंडमध्ये गंभीर आजारी होते आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना फेलोशिप नाकारली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे सहकारी गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी रॉयल सोसायटीकडे त्यांचे नाव मांडले. प्रस्तावावर लिटलवूड, मॅकमहॉन, व्हाइटहेड यांच्यासह दहाहून अधिक फेलोंच्या सह्या होत्या. थांबणे धोक्याचे आहे, हे हार्डी यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना कळवले. २ मे १९१८ रोजी पहिल्याच फेरीत रामानुजन निवडले गेले आणि ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीनेही आपली फेलोशिप दिली. २६ एप्रिल १९२० रोजी त्यांचे निधन झाले. हार्डी यांनी आणखी दोन वर्षे वाट पाहिली असती, तर निवडीच्या वेळी उमेदवारच उरला नसता.

मर्यादा

रामानुजन यांच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट निघते. एक मान दुसऱ्याचा पुरावा बनतो. ट्रिनिटीने आधी नाकारलेला माणूस रॉयल सोसायटीच्या निवडीनंतर नाकारणे अवघड झाले. ज्याच्याकडे पहिला मान नाही, त्याच्यासाठी हीच साखळी उलट्या दिशेने चालते.

नियम गुणवत्तेच्या आधी उभे राहतात, हेही लक्षात घ्यावे लागते. विद्युतप्रकाशावर मौलिक संशोधन केलेल्या हर्था एअर्टन यांचा प्रस्ताव १९०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला, तेव्हा विवाहित स्त्रीला फेलो होता येत नाही असा कायदेशीर सल्ला सोसायटीला मिळाला. चारच वर्षांनी याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले. कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन या पहिल्या स्त्री फेलो १९४५ मध्ये निवडल्या गेल्या. आज असा लेखी अडथळा नाही. पण विद्यमान फेलोच प्रस्ताव मांडू शकतात या नियमामुळे ज्या गटांचे, भाषांचे, जिल्ह्यांचे फेलो आधीच कमी, त्यांची नावेही कमी जातात. सोलापूर परिसरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २००४ मध्ये स्थापन झालेले, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. तेथील शास्त्रज्ञांना आणि प्राध्यापकांना अखिल भारतीय अकादम्यांतील प्रस्तावक शोधता येतो. मंद्रूपसारख्या गावातला पशुवैद्यक, जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा गावोगावचे लेख टिपणारा हौशी अभ्यासक यांच्यापर्यंत ही वाट सहसा पोचत नाही.

यावर एक उपाय जिल्ह्याच्या पातळीवर शक्य आहे. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने संस्थाबाह्य अभ्यासकांच्या आणि ग्रामीण व्यावसायिकांच्या कामाची नोंद, त्यांच्या प्रकाशनांच्या प्रती आणि परिचय दरवर्षी अद्ययावत ठेवावेत, आणि मागणी करणाऱ्या प्रस्तावकाला ते उपलब्ध करून द्यावेत. याला खर्च फारसा नाही. एक कपाट, एक संगणक आणि जबाबदार माणूस पुरतो. हे काम हयात व्यक्तींपासून, आणि त्यांतही ज्येष्ठांपासून सुरू व्हायला हवे, कारण फेलोशिप हे सदस्यत्व असल्याने बहुतेक संस्था मरणोत्तर प्रस्ताव स्वीकारत नाहीत.